वाचत बसणे

कवठे महांकाळला एका ख्रिस्ती कुटुंबाच्या नव्या घराला आशीर्वाद देण्यासाठी आम्ही गेलो होतो, त्याला आता काही वर्षे लोटली. उन्हाळ्याचे दिवस होते आणि ठरल्या वेळेच्या बऱ्याच आधी आम्ही तेथे पोहोचलो. घरातील पुरुषमंडळी बेदाण्याच्या शेडवरून अजून परतली नव्हती. पुढचे दार उघडे होते. मागच्या दाराच्या उजेडात, भिंतीला पाठ टेकून, साठीकडे झुकलेली एक स्त्री पुस्तक वाचत बसली होती. चष्मा नाकावर घसरला होता. शेजारी अर्धवट निवडलेल्या तांदळाचे सूप होते. आमची चाहूल तिला लागली नाही. एवढ्यात आतून तिची थोरली जाऊ बाहेर आली आणि ओरडली, ''अगं, फादर आल्यात, अन् तू वाचत काय बसलीयास!''

ती स्त्री दचकून उठली. पुस्तक तिने सुपाखाली सारले. तिचा संकोच जावा म्हणून आम्ही विचारले, ''कोणते पुस्तक आहे, ताई? संतचरित्र का?''

''न्हाई, फादर. गोष्टीचं हाय.''

''मग त्यातून काय बोध घेतला?''

तिने क्षणभर विचार केला आणि म्हणाली, ''बोध न्हाई घेतला, फादर. बरं वाटलं.''

त्या वेळी आम्ही हसलो आणि आशीर्वादाच्या प्रार्थनेकडे वळलो. परंतु परतीच्या वाटेवर त्या दोन शब्दांनी आमची पाठ सोडली नाही. जावेने विचारले, वाचत काय बसलीस? आम्ही विचारले, बोध काय घेतलास? पहिला प्रश्न कामाचा हिशेब मागणारा होता आणि दुसरा पुण्याचा. हिशेब मात्र दोघांनीही मागितला होता. हे दोन्ही प्रश्न आपल्या प्रदेशात किती जुने आहेत, आणि ज्या स्त्रियांना ते विचारले गेले त्यांनी काय केले, हे पाहावे, अशी इच्छा तेव्हापासून मनात होती. प्रस्तुत लेख हा त्याचाच अल्पसा प्रयत्न.

आपल्या भाषेत वाचण्याची क्रिया अनेक रूपांनी येते. आपण पत्र वाचून दाखवतो, परीक्षेसाठी धडा वाचून काढतो, पोथी वाचायला घेतो. या सर्वांत कोणी ना कोणी लाभार्थी असतो आणि वाचन संपले की काम झालेले असते. 'वाचत बसणे' हा प्रयोग निराळा आहे. तो बहुधा तक्रारीच्या सुरात येतो आणि घरात तो बहुधा स्त्रीला उद्देशून येतो. त्यातील दोष वाचण्याचा नसून बसण्याचा आहे. स्त्री बसली, म्हणजे काहीतरी करायचे राहिले, असा त्याचा अर्थ होतो.

एकांतात, ओठही न हलवता वाचणे ही गोष्ट एके काळी नोंद घेण्याजोगी वाटत असे. चौथ्या शतकात मिलानचे बिशप संत अँब्रोज मनातल्या मनात वाचीत, याची नोंद संत ऑगस्टिनने आपल्या आत्मकथनाच्या सहाव्या भागात मुद्दाम करून ठेवली आहे. डोळे पानावरून फिरत आणि जीभ मात्र स्वस्थ असे, हे दृश्य त्याला लक्षात ठेवण्याजोगे वाटले. आपल्याकडेही ग्रंथ हा ऐकण्याचा विषय होता. येशूसंघीय धर्मगुरू थॉमस स्टीफन्स यांचे मराठी 'क्रिस्तपुराण' १६१६ साली गोव्यात राचोल येथे छापले गेले, तेही श्रद्धावंतांना वाचून दाखवण्यासाठी. देवळातील पुराण असो की चर्चमधील, एकाने वाचायचे आणि इतरांनी ऐकायचे, ही रीत होती आणि स्त्रियांची जागा ऐकणाऱ्यांत होती.

त्यांची स्वतःची वाङ्मयनिर्मिती जात्यावर चाले. हेमा राईरकर आणि पुण्यात स्थायिक झालेले फ्रेंच अभ्यासक गी पॉयतवाँ यांनी महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या संग्रहाकडे पाहिले की निरक्षर स्त्रीला सांगण्यासारखे काही नव्हते, असे म्हणण्याची कोणाची छाती होणार नाही. पण ओवी गाताना हात जात्याच्या खुंट्याला असे. गाणे कामाच्या आश्रयाने येई, आणि म्हणूनच ते कोणाला खुपले नाही. पुस्तकाला दोन्ही हात लागतात, डोळे लागतात आणि उजेडही लागतो. वाचणारी स्त्री तेवढा वेळ कोणाच्याही कामाची राहत नाही. खरा कलह येथे सुरू होतो.

या कलहाच्या दोन महत्त्वाच्या साक्षीदार आपल्याच जिल्ह्यात जन्मल्या. आजचा सांगली जिल्हा १९४९ साली दक्षिण सातारा या नावाने निर्माण झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले; तत्पूर्वी ही दोन्ही गावे सातारा जिल्ह्यात मोडत. वाळवे तालुक्यातील अष्टे, म्हणजे आजचे आष्टा, येथे १८६१ च्या जानेवारीत काशीबाई कानिटकर जन्मल्या. त्यानंतर बरोबर एका वर्षाने, १८६२ च्या जानेवारीत, देवराष्ट्रे येथे कुर्लेकरांच्या घरी रमाबाई रानडे जन्मल्या. दोघींनाही माहेरी शाळा लाभली नाही. मुलीला अक्षर शिकवणे ही त्या काळच्या प्रतिष्ठित घरांना न मानवणारी गोष्ट होती.

काशीबाईंचा विवाह नवव्या वर्षी गोविंदराव कानिटकरांशी झाला. गोविंदराव कायद्याचे अभ्यासक, कवी आणि इंग्रजी वाङ्मयाचे रसिक होते. पत्नी शिकलेली असावी, ही त्यांची इच्छा होती. त्या इच्छेने काशीबाईंना पुस्तकापर्यंत आणले खरे, पण पुढचा रस्ता बव्हंशी त्यांनी स्वतः चालून काढला. शाळेची पायरी न चढलेल्या या बाईंनी १८८९ साली डॉ. आनंदीबाई जोशी यांचे चरित्र प्रसिद्ध केले आणि १९०३ साली 'रंगराव' ही कादंबरी. हरिभाऊ आपट्यांसारखा कादंबरीकार त्यांच्याशी वाङ्मयाची चर्चा करीत असे. पतीच्या पसंतीसाठी सुरू झालेले वाचन केव्हा त्यांचे स्वतःचे झाले, याची तारीख कोणी नोंदवलेली नाही. अशा गोष्टींची तारीख नसतेच. परंतु जी स्त्री दुसऱ्या स्त्रीचे चरित्र लिहायला बसते, ती त्यापूर्वी पुष्कळ काळ केवळ आवडीने वाचत बसलेली असते, हे सांगायला पुरावा नको.

रमाबाईंची कथा अधिक परिचित आहे. १८७३ च्या अखेरीस, वयाच्या अकराव्या वर्षी, त्या न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या घरी आल्या. न्यायमूर्तींनी त्यांना स्वतः शिकवले, प्रथम मराठी आणि मग इंग्रजी. दिवसाच्या धबडग्यात ते शक्य नव्हते. शिकण्याची वेळ रात्रीची. आणि शिकण्याची शिक्षा दिवसाची. कारण घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांना हे मुळीच रुचत नव्हते. त्यांनी टोमणे मारले, अबोला धरला, कामांत कुचंबणा केली. पुण्यात मुलींसाठी हायस्कूल व्हावे म्हणून गव्हर्नर फर्ग्युसन यांच्यासमोर रमाबाईंनी इंग्रजीत निवेदन वाचले, तेव्हा बाहेर टाळ्या मिळाल्या आणि घरी बोलणी. ते हायस्कूल, म्हणजे हुजूरपागा, १८८४ साली सुरू झाले. न्यायमूर्ती १९०१ मध्ये निवर्तले आणि १९१० साली रमाबाईंचे 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' हे पुस्तक बाहेर आले. या सर्व छळाची हकिकत त्यांनी त्यात दिली आहे, पण कडवटपणा जवळजवळ कोठे नाही.

येथे वाचकांचे लक्ष एका गोष्टीकडे वेधावेसे वाटते. या दोन्ही घरांत स्त्रीच्या वाचनाला प्रोत्साहन देणारा पुरुष होता. रानड्यांच्या घरी तर विरोध करणाऱ्या मुख्यतः स्त्रियाच होत्या. यावरून स्त्रीच स्त्रीची शत्रू, असा सोपा निष्कर्ष काढण्याची प्रथा आहे आणि आम्हीही पूर्वी तो व्यासपीठावरून काढलेला आहे. आज तो आम्हांस अन्यायाचा वाटतो. पुस्तक घेऊन बसलेल्या सुनेचे दळण कोणाला तरी दळावे लागत होते. ते न्यायमूर्तींनी दळले नाही. पुरुषाने दिलेल्या सवलतीची किंमत घरातल्या दुसऱ्या स्त्रीच्या अंगावर पडत असेल, तर ती दुसरी स्त्री कुरकुर करणारच. कवठे महांकाळच्या त्या जावेचा आवाज आठवला की हे अधिक पटते. या कोरड्या तालुक्यात घागरीसाठी किती पायपीट करावी लागे, हे येथील बायकांना सांगावे लागत नाही. म्हैसाळ योजनेने कृष्णेचे पाणी इकडे आणले, गिरण्या आल्या, वीज आली; श्रमाचे काही तास वाचले. ते तास कोणाच्या वाट्याला गेले, हा प्रश्न मात्र कोणी फारसा विचारला नाही.

सुधारकांचे ऋण मोठे आहे आणि ते मान्य करूनही एक गोष्ट सांगितली पाहिजे. स्त्रीने का शिकावे, याची त्यांनी दिलेली कारणे बहुशः उपयोगाची होती. शिकलेली आई मुलांना वळण लावील, शिकलेली पत्नी पतीच्या विचारांची सोबतीण होईल, शिकलेली विधवा परावलंबी राहणार नाही. ही सर्व कारणे खरी आहेत. त्यांच्याशिवाय त्या काळी दार किलकिलेही झाले नसते. पण त्यांत एक कारण कोठेच नव्हते, ते म्हणजे तिला बरे वाटेल. शिक्षण हे कर्तव्य म्हणून तिच्या हाती दिले गेले. आनंद तिने त्यातून आपला आपण काढून घेतला, आणि तो लपवून ठेवला.

हा आनंद थोडा उघडपणे मिळू लागला तो विसाव्या शतकात, आणि त्याचेही एक दार आपल्याच जिल्ह्यात उघडले. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली त्या वेळच्या औंध संस्थानातील एका माळावर कारखाना उभारला. नांगर तयार करणाऱ्या त्या किर्लोस्करवाडीतून शंकरराव किर्लोस्करांनी १९२० साली 'किर्लोस्कर खबर' आणि १९३० साली 'स्त्री' हे मासिक सुरू केले. 'स्त्री'त उपदेश होता, पाककृती होत्या, वादविवाद होते आणि कथाही होत्या. त्यातील महत्त्वाची गोष्ट आम्हांस वाटते ती ही, की हे मासिक टपालाने घरी येई. वाचनालयापर्यंत जाण्याची मुभा ज्या स्त्रीला नव्हती, तिच्याकडे वाचनालय चालत आले. दुपारची झाकपाक झाल्यावर, पुरुष बाहेर आणि मुले शाळेत असताना, अर्धा तास तिचा होऊ लागला. याच सुमारास, १९३३ साली, 'कळ्यांचे निःश्वास' हा कथासंग्रह विभावरी शिरूरकर या नावाने प्रसिद्ध झाला आणि मोठे वादळ उठले. अविवाहित, शिकलेल्या स्त्रियांच्या मनातील गोष्टी त्यात होत्या. लेखिकेने, म्हणजे मालतीबाई बेडेकरांनी, खरे नाव लपवले होते. लिहिणारी नाव लपवते आणि वाचणारी पुस्तक लपवते, अशी ती सोबत होती. एकमेकींना न पाहिलेल्या दोन स्त्रिया एका पानावर भेटत होत्या, आणि मध्ये कोणी वाचून दाखवणारा उरला नव्हता.

आता आपल्या ख्रिस्तसभेकडे वळू. कारण दुसऱ्याच्या अंगणातील केर दाखवणे सोपे असते. देवदूत गाब्रिएल पवित्र मरियेकडे आला तेव्हा ती काय करीत होती, हे लूक सांगत नाही. पण संत अँब्रोज कुमारिकांविषयीच्या आपल्या ग्रंथात लिहितो की, ती एकटी दिसली तरी एकटी नव्हती. तिच्याजवळ ग्रंथ होते आणि ग्रंथांतून संदेष्टे होते. मध्ययुगातील चित्रकारांनी हीच कल्पना उचलली. शुभवर्तमानाच्या असंख्य चित्रांत पवित्र माता पुस्तक उघडून बसलेली आहे आणि देवदूत तिच्या वाचनात व्यत्यय आणतो आहे. आपल्या चर्चच्या भिंतींवर अशी चित्रे लावून आपणच बाईला विचारतो, वाचत काय बसलीस?

आविलाची संत तेरेजा (१५१५–१५८२) आपल्या आत्मचरित्रात सांगते, की तिच्या आईला शूर सरदारांच्या अद्भुत कथा वाचण्याचा नाद होता. संसारातील कष्टांचा विसर पडावा म्हणून ती वाचीत असावी, असे तेरेजा हळुवारपणे म्हणते. वडिलांना ते आवडत नसे, म्हणून मायलेकी त्यांच्या नजरेआड वाचीत. पुढे तेरेजाने हा आपला दोष मानला, हे खरे आणि ते दडवण्याचे कारण नाही. पण १५५९ साली स्पेनच्या धर्मचौकशी अधिकाऱ्यांनी लोकभाषेतील अनेक धार्मिक पुस्तकांवर बंदी घातली, तेव्हा तिला फार दुःख झाले. कारण, ती सांगते, त्यांतील काही वाचताना तिला विरंगुळा वाटत असे. लॅटिन तिला येत नव्हते. तेव्हा प्रभूने, मी तुला जिवंत ग्रंथ देईन, अशा अर्थाचे आश्वासन दिले, असा तिचा अनुभव आहे. ज्या स्त्रीच्या हातून पुस्तके काढून घेतली गेली, तिला १९७० साली पोप पॉल सहावे यांनी धर्मपंडित ही पदवी दिली. हा मान मिळवणारी ती पहिली स्त्री.

तेरेजाच्या त्याच आत्मचरित्राची आणखी एक हकिकत आहे. १९२१ च्या उन्हाळ्यात एडिथ स्टाईन ही यहुदी कुळातील तत्त्वज्ञ विदुषी जर्मनीत बेर्गझाबेर्न येथे एका मैत्रिणीच्या घरी राहिली होती. एका रात्री घरात ती एकटीच होती. कपाटातून हाताला येईल ते पुस्तक तिने काढले. ते तेरेजाचे निघाले आणि पहाटेपर्यंत तिने ते संपवले. १ जानेवारी १९२२ रोजी तिचा बाप्तिस्मा झाला; पुढे ती कार्मेलाईट धर्मभगिनी झाली; १९४२ मध्ये आउश्वित्झच्या छळछावणीत तिचा अंत झाला आणि १९९८ साली ती संत म्हणून घोषित झाली. त्या रात्री ती पुस्तक कशासाठी उघडीत आहे, असे तिला कोणी विचारले असते, तर तिला उत्तर देता आले नसते. बोध घेण्यासाठी तिने ते उघडले नव्हते. हाताशी रात्र होती, एकांत होता आणि पुस्तकांचे कपाट होते.

या उदाहरणावरून, एकांतातील प्रत्येक वाचन शेवटी देवापाशीच पोहोचते, असा पाठ आम्ही काढणार नाही. तसे केले तर पुन्हा तोच हिशेब मागितल्यासारखे होईल. बहुसंख्य वाचन कोठेच पोहोचत नाही. तांदूळ निवडता निवडता दहा पाने होतात, चष्मा पुसला जातो, सूप पुन्हा पुढे ओढले जाते. आमचे म्हणणे एवढेच आहे, की तेवढेही पुरेसे आहे.

लूकच्या दहाव्या अध्यायातील मार्था आणि मरिया यांची कथा आम्ही सेमिनरीत शिकलो ती कर्ममार्ग आणि ध्यानमार्ग यांचे रूपक म्हणून. तीच कथा कवठे महांकाळहून परतताना आम्ही पुन्हा मनात उघडली, तेव्हा तिच्यातील साधे घर प्रथमच दिसले. एक बहीण पाहुण्यांच्या सरबराईत गुंतली आहे. दुसरी प्रभूच्या पायांशी बसून ऐकत आहे. मार्थेची तक्रार ऐकण्याविषयी नाही. मरिया बसली आणि काम एकटीवर पडले, याविषयी आहे. आणि येशूचा निवाडा असा, की मरियेने चांगला वाटा निवडला असून तो तिच्याकडून काढून घेतला जाणार नाही. त्याने मरियेला, तू काय शिकलीस, असे विचारले नाही. ती बसली, हे त्याला पुरले. मार्थेलाही त्याने दुखावले नाही. दोनदा नावाने हाक मारून तिची काळजी ओळखली. पण त्या घरात तिच्या मदतीला दुसरे कोणी उठले, असे लूक लिहीत नाही. पाहुण्यांपैकी कोणी उठला असता, तर कदाचित मार्थाही येऊन बसली असती. त्या दुपारी कवठे महांकाळलाही चहा त्या दोघी जावांनीच केला, आणि आम्ही तो बसून घेतला.

आपल्या समाजात स्त्रियांना पुस्तक मिळाले ते लवकर, ही अभिमानाची गोष्ट आहे. १९०३ साली सुरू झालेला 'निरोप्या' खेड्यापाड्यांतील ख्रिस्ती घरांत गेला. धर्मभगिनींनी मुलींच्या शाळा काढल्या. मिस्सामध्ये आज पवित्र शास्त्राची वाचने पुष्कळदा स्त्रियाच करतात. मात्र हे सर्व वाचून दाखवणे झाले. घरी गेल्यावर तीच स्त्री एखादी कादंबरी घेऊन बसली, तर आपण तिला तितक्याच आदराने बसू देतो का?

आमच्या धर्मग्रामात पुस्तकांचे एक कपाट आहे. त्यात संतचरित्रे, प्रार्थनापुस्तके आणि बालसंगोपनाची पुस्तके होती. स्त्रियांसाठी म्हणून तीच योग्य, असे आम्हीच ठरवले होते. त्या दुपारनंतर त्यात आम्ही हळूहळू कथा-कादंबऱ्या ठेवल्या. पुस्तके नेणाऱ्यांची वही आहे, त्यात नाव आणि तारीख लिहायची असते. पूर्वी तिसरा रकाना होता, 'अभिप्राय' असा. तो आता आखत नाही.

पुढच्या वर्षी कवठे महांकाळला जाण्याचा योग आला, तेव्हा दोन पुस्तके बरोबर नेली. एक त्या बाईंसाठी, एक त्यांच्या जावेसाठी. जावेने पुस्तक उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाली, ''मला कुठला येळ, फादर?'' आमच्याजवळ उत्तर नव्हते. पण पुस्तक तिने परत दिले नाही, कोनाड्यात ठेवले. चहा झाल्यावर कपबशा आम्ही उचलून मोरीत नेऊन ठेवल्या. दोघी हसल्या.

त्यानंतर पुस्तकांविषयी आम्ही काही विचारलेले नाही.